वानरांपायी बुजवलेलं भोक

“अरे, काढ ते भूत बाहेर! माझ्या चुलीपुढं किंचाळतंय काय मेलं!”

आई ओरडत होती. माझ्या आईचा आवाज फर्दापूरच्या एसटी थांब्यापर्यंत जायचा. यात मी पदरचं काही घालत नाही. एकदा तिनं मला जेवायला हाक मारली तर जळगावकडं निघालेल्या गाडीतून तीन प्रवासी उतरून आमच्या दारात येऊन उभे राहिले होते. पण त्या दुपारी तिच्यावर आवाज चढवणारं कुणीतरी आमच्या घरात पहिल्यांदाच आलं होतं. जेवणाच्या डब्याएवढं करडं यंत्र, त्याला एक हिरवट काच, आणि काचेत पळणारे आकडे. टीं, टीं, टीं, टीं. वरचा लाल दिवा असा भेदरून लुकलुकत होता की मलाच त्याची दया आली.

यंत्राच्या मालकीणबाई, म्हणजे पुण्याकडून आलेल्या आमच्या पाहुण्या, पाटावर बसून डोळे पुसत होत्या. पाटावर होत्या हे मी अंदाजानं सांगतोय. धूर एवढा होता की त्या नेमक्या कुठं आहेत ते मला त्यांच्या शिंकेवरून कळलं. बायको चुलीपुढं होती. ती तर दिसतच नव्हती, तिची भाकरी तेवढी ऐकू येत होती. थप थप थप. मग खोकला. मग पुन्हा थप थप.

अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? मी तेच केलं. यंत्र उचललं, पोटाशी धरलं आणि उंबऱ्यात बसलेल्या आईला जन्मात पहिल्यांदा ओलांडून अंगणात धूम ठोकली. लिंबाखाली नेऊन त्याला फुंकर घातली, उपरण्यानं पुसलं, पाठीवर थोपटलं. दोनेक मिनिटांत ते गप्प झालं. मी घराकडं तोंड करून ओरडलो, “वाचलं हो, वाचलं!”

बाई माझ्या मागोमाग बाहेर आल्या. नाका-डोळ्यांतून पाणी. त्यांनी यंत्राकडं पाहिलं, मग दाराकडं.

“दादा, त्याला काही झालं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “ते स्वतःसाठी नाही ओरडत.”

“मग?”

“आत कुणी माणूस असेल तर त्यानं बाहेर यावं, म्हणून ओरडतं.”

आत थप थप चालूच होतं.

आता हे यंत्र आमच्या चुलीपर्यंत पोचलं कसं, ते सांगायला हवं. मी अजिंठ्याच्या लेण्यांवर गाईड. माझे वडील त्याच लेण्यांत उजेड पाडायचं काम करायचे. हसू नका, ते खरंच काम होतं. बाहेर उन्हात एकानं मोठा आरसा धरायचा, आत पांढरं कापड ताणलेली चौकट उभी करायची, आरशातलं ऊन त्या कापडावर टाकायचं, की मऊ उजेड भिंतीभर पसरतो आणि हजारो वर्षांपूर्वीची माणसं जागी होतात. वडिलांनी निजामाच्या साहेबांसाठी आरसा धरला. पोलीस अ‍ॅक्शन झाली, राज्य बदललं, साहेब बदलले. वडील म्हणायचे, ऊन मात्र बदली होऊन कुठं गेलं नाही. पुढं आत दिवे आले आणि आरसा आमच्या माजघरात येऊन भिंतीला टेकून बसला. वडिलांनी भिंती दाखवल्या, मी भिंतींवर बोलायला लागलो. तो मान खाली घालून पाहणारा बोधिसत्त्व आहे ना, त्याच्या चेहऱ्यावर मी सात भाव दाखवायचो. गर्दी चांगली असली तर नऊ.

त्या थंडीत, सहलींच्या दिवसांत, या बाई आल्या. लेण्यातली हवा मोजायला. मला वाटलं, हवा म्हणजे थंड का गरम, एवढंच काय ते. त्यांना एक स्थानिक माणूस हवा होता, दारात बसून किती लोक आत गेले, किती वेळ थांबले, हे टिपून ठेवायला. ते काम मला मिळालं. यंत्र एका कोपऱ्यात ठेवलेलं असायचं. माणूस उच्छ्वासातून जो वायू सोडतो, तो हवेत किती साठलाय हे ते दाखवायचं.

पहिल्या दिवशी सकाळी लेणं रिकामं होतं. आकडा बाहेरच्या मोकळ्या हवेएवढाच. मग एका शाळेची चाळीस पोरं आली. चाळीस पोरं म्हणजे चारशे पोरांचा आवाज. मी माझं भाषण सुरू केलं, आणि बोलता बोलता नजर यंत्राकडं गेली. आकडा चढत होता. पोरं हसली, चढला. मी विनोद केला, पोरं आणखी हसली, आणखी चढला. पाच मिनिटांत तो दुप्पट झाला, आणि माझं बोलणं जन्मात पहिल्यांदा मधेच थांबलं.

पोरं गेली. खाली पायऱ्यांवर बसून पेरू खाताना त्यांचा कलकलाट ऐकू येत होता. मी यंत्रापाशी गेलो. आकडा जागेवरून हलायला तयार नाही.

“बाई, बिघडलं हो हे. आत कुणी नाही.”

“माणसं गेली, दादा. त्यांचा श्वास अजून आतच आहे.”

मी हळूच आजूबाजूला पाहिलं. चाळीस पोरं त्या अंधारात अजून उभी होती, फक्त दिसत नव्हती. बाई म्हणाल्या, लेण्याला तोंड एकच. आत यायलाही तेच, बाहेर पडायलाही तेच. त्यामुळं आतली हवा घुटमळत राहते. श्वासातली ओल आणि वायू दोन्ही रंगांना बरे नाहीत. मी पंधरा वर्षं त्या भिंतीपुढं उभा राहून हात हात लांबीची वाक्यं फेकत होतो, आणि प्रत्येक वाक्याबरोबर तोंडातून काहीतरी निघून त्या चेहऱ्याला जाऊन लागत होतं. त्या दिवशी मी बोधिसत्त्वापुढं दीड तास श्वास रोखून उभा राहिलो. बरं, दीड मिनिट. पण माझ्यासारख्या माणसाला दीड मिनिट गप्प बसणं म्हणजे दीड तासच.

आठवडाभर मी त्या आकड्याचा भक्त झालो होतो. बाईंना म्हणालो, एक दिवस आमच्या घरी जेवायला या, आमच्याकडची ज्वारीची भाकरी खाऊन बघा. त्या आल्या. यंत्र खांद्याच्या पिशवीत चालू राहिलं होतं. पुढचं तुम्ही वाचलंच आहे.

पण एक गोष्ट वाचलेली नाही. ती सांगायला मला जरा जड जातं, म्हणून मागं ठेवली होती.

महिनाभर आधी मी बायकोला शहरात छातीच्या डॉक्टरांना दाखवून आणलं होतं. औरंगपुऱ्यात, एका जिन्यानं वर गेल्यावर दवाखाना. जिना सोळा पायऱ्यांचा. ती तीनदा थांबली. तिशीतली बाई. फर्दापुरात लोक म्हणायचे, तुझी बायको लई शांत आहे, तुझ्याशी लग्न करून देवानं तराजू सारखा केला. मीही ते कौतुकानं चार जणांत सांगायचो.

डॉक्टरांनी तिला एका नळीत फुंकायला लावलं. नळीवर एक काटा, फुंकेच्या जोरानं पुढं सरकणारा. नळीला तीन पट्टे, लाल, पिवळा, हिरवा. तिनं जीव एकवटून फुंकलं. काटा लाल पट्ट्यात दोन पावलं चालला आणि बसला.

“या बिडी ओढतात का?” डॉक्टरांनी मला विचारलं.

मी हसलो. एवढा मोठ्यानं हसलो की बाहेरचे रुग्ण डोकावले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तोंडात मारायचा औषधाचा फवारा दिला, ती नळी बरोबर दिली आणि म्हणाले, “रोज सकाळी फुंकायची. दोन महिने बघू. काटा पिवळ्यात आला तर सावरता येईल. नाहीच हलला, तर गेलं ते गेलं. आहे तेवढ्यावर जपून राहायचं.”

आहे तेवढ्यावर. दोन पावलांवर.

घरी आल्यावर आईनं गंमत म्हणून ती नळी फुंकली, तर काटा हिरव्याच्याही पुढं जाऊन असा रुतला की काढायला मला दाभण लागलं. बायकोचा मात्र महिनाभर फवारे मारूनही तिथंच. लाल. रोज सकाळी फुंकायची, बघायची, नळी कोनाड्यात ठेवायची आणि चूल पेटवायची.

हे सगळं त्या दुपारी लिंबाखाली माझ्या डोक्यात एकत्र आलं असं म्हटलं तर ती थाप होईल. मी यंत्र पुसत होतो. बाईंनी विचारलं, “स्वयंपाकघराला वर धूर जायला काही नाही का?”

“होतं की! चुलीच्या बरोबर वर माळवदाला हातभर भोक होतं. पण त्याची गोष्ट लई भारी आहे,” म्हणून मी सुरू झालो. ही माझी ठेवणीतली गोष्ट. आमच्याकडं लेण्यांच्या डोंगरातून काळ्या तोंडाची वानरं येतात. त्यातलं एक म्हातारं रोज त्या भोकातून आधी शेपूट सोडायचं, भाकरीचा अंदाज घ्यायचं, मग स्वतः उतरायचं. एकदा त्यानं पिठल्याचं पातेलंच वर नेलं. माळवदावर बसून चाटूनपुसून खाल्लं, आणि भोकातून काळा हात खाली सोडून कांदा मागितला. बायको तेव्हा नवी नवरी. ती घाबरून किंचाळली. मग मी मर्दासारखा वर चढलो, भोकावर शहाबादी फरशी घातली, वरून माती, वरून चुना, आणि वानरजातीचा प्रश्न कायमचा मिटवला!

या गोष्टीवर आठ वर्षं लोक हसत आले होते. जपानी पर्यटक दुभाष्याशिवाय हसले होते. बाई हसल्या नाहीत.

“म्हणजे आठ वर्षं झाली,” त्या म्हणाल्या. “लेण्याला निदान एक तोंड तरी आहे. तेही कायम उघडं.”

मी दाराकडं पाहिलं. आमच्या दाराला आई पाठ लावून बसलेली असते.

मी माजघरात गेलो आणि वडिलांचा आरसा उचलला. का उचलला, मला सांगता येणार नाही. आमच्या घराण्यात काही बघायचं असलं की आरसाच उचलतात. आईला म्हटलं, जरा सरक. अंगणात उभा राहून दुपारचं ऊन पकडलं आणि दारातून सरळ चुलीवर टाकलं.

मी लेण्यांतली एकही भिंत सोडलेली नाही. पण तसं दृश्य मी पाहिलेलं नाही. उन्हाचा पट्टा आत शिरला आणि धूर जिवंत झाला. धुराचं एक दुसरंच माळवद आमच्या माळवदाखाली तरंगत होतं, निळसर-सोनेरी, गोल गोल वळणारं, वरून खाली उतरत आलेलं, आणि त्याचा तळ बरोबर चुलीपाशी बसलेल्या माणसाच्या नाकाला टेकलेला. दिसायला सुंदर होतं. एवढं सुंदर की मला हात जोडावेसे वाटले. आणि त्यात माझी बायको. उजेड पडला म्हणून तिनं मान खाली घातली. तिनं श्वास आत घेतला की धुराची एक बारीक दोरी वळायची आणि तिच्या नाकात जायची. सोडला की तुटायची. घेतला की पुन्हा जायची. मी आरसा धरून मोजत उभा राहिलो. एक. दोन. तीन. प्रत्येक श्वासाला एक दोरी. मधेच खोकला, आणि दोरीचे तुकडे.

आमच्या दोन पिढ्यांनी परक्या लोकांना भिंती उजळून दाखवल्या. आमच्या चुलीवर आरसा धरायचं कुणाला सुचलं नाही.

मग मी पहार घेऊन माळवदावर चढलो. खालून आई सुरू झाली, “अरे बाबा, वानरं येतील! भाकरी ठेवायची नाय का घरात?”

“येऊ दे! त्यांना ताट वाढ!”

“तुझ्या बापानं असलं येड कधी केलं नाय!”

“बापानं भोक बुजवलंही नव्हतं, आई!”

यावर ती गप्प झाली. फर्दापूरच्या इतिहासात याची नोंद व्हायला हवी होती.

फरशी उचकटली आणि धूर बाहेर आला. तो काय वर्णावा! आठ वर्षांचा धूर एकदम निघाला. त्यात मला पाच दिवाळ्यांच्या फोडण्या ओळखू आल्या, एक जळलेलं दूध आणि ते जुनं पिठलंसुद्धा. घाटावरून येणाऱ्या ट्रकवाल्यांनी गाड्या थांबवल्या. बाई खाली यंत्र घेऊन आत बसल्या आणि आकडे सांगू लागल्या. आकडा उतरत होता, पण निम्म्यावर येऊन अडकला. धूर भोकापाशी जाऊन दारावरच्या शेजारणींसारखा घोळका करून थांबत होता.

“जायला वाट दिलीत,” बाई खालून म्हणाल्या. “यायला कुठं आहे? बाहेरची हवा आत आल्याशिवाय आतली निघणार कशी?”

मी खाली उतरलो आणि चुलीमागच्या भिंतीला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक झरोका फोडला. आईची जागा उंबऱ्यातून हलवून लिंबाखाली दिली. तिला रस्ता दिसायला लागला, तिची तक्रार गेली. आणि मग मी पुन्हा आरसा धरला. झरोक्यातून थंड हवा जमिनीसरशी आत आली, चुलीला वळसा घातला, आणि धुराला कुणीतरी वरून दोर लावून ओढावं तसा तो सरळ उभा वर चढत गेला. बायकोच्या डोक्यावरून नाही, तिच्या समोरून. यंत्र गप्प. लाल दिवा गप्प. आई गप्प. मी गप्प! चार गप्प वस्तू एका घरात, असा योग पुन्हा आला नाही.

लोहाराकडून भोकावर जाळीचा पिंजरा आणि त्यावर चार पायांची पत्र्याची टोपी करून घेतली. वानरं आली. जाळी हलवून पाहिली. मग थंडीच्या सकाळी त्या गरम टोपीभोवती शेकोटीला बसावीत तशी बसू लागली. त्यांना काही द्यावं लागलं नाही.

चार दिवसांनी बाई यंत्र घेऊन गेल्या. आता मोजायचं कशानं? मी आरशानं मोजायचं ठरवलं. रोज दुपारी स्वयंपाकाच्या वेळी ऊन आत टाकायचं आणि धुराचा तळ जिथं दिसेल तिथं भिंतीवर कोळशानं रेघ ओढायची. पहिली रेघ मी त्या पहिल्या दुपारच्या आठवणीवरून तिच्या नाकाच्या उंचीवर ओढली. पुढच्या रेघा वर वर चढत गेल्या. वारा पडला, जळण ओलं असलं की एखादी खाली यायची. मग मी झरोक्यापुढची अडचण काढायचो, लाकडं उन्हात टाकायचो. लेण्यांवर मी हेच पर्यटकांना सांगायला लागलो, की आत या, बघा, आणि लवकर बाहेर पडा, तुमचा श्वास इथं ठेवून जाऊ नका. माझं भाषण निम्म्यावर आलं. बक्षिशीही निम्म्यावर आली.

पण नळीचा काटा हलेना. एक आठवडा, लाल. दुसरा आठवडा, लाल. भिंतीवरच्या रेघा माळवदाला पोचत आल्या, आणि तिच्या छातीतला काटा दोन पावलांच्या पुढं जाईना. मी सकाळी उठून देवाआधी नळीकडं बघायचो. डॉक्टरांचं ‘गेलं ते गेलं’ कानात वाजायचं. आठ वर्षं कमी नसतात. धुराची प्रत्येक दोरी मी मोजली होती. तशा किती, याचा हिशोब मला, एवढ्या थापा मारणाऱ्या माणसाला, मोठा करूनसुद्धा सांगवत नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिनं फुंकलं आणि नळी कोनाड्यात ठेवली नाही. माझ्यापुढं धरली. काटा लाल पट्ट्याच्या कडेला उभा होता. त्यानंतर चार दिवसांनी तो पिवळ्यात गेला. एवढासा, ज्वारीच्या दाण्याएवढा. मी लेण्यांतला सगळ्यात मोठा निजलेला बुद्ध पाहिलाय, पण त्या दाण्याएवढ्या अंतरापुढं मी जितका वेळ डोळे फाडून बसलो तितका तिथंही बसलो नसेन. माणसाच्या आत एवढी जागा होती आणि ती परत येत होती.

दोन महिने भरले तेव्हा डॉक्टरांकडं गेलो. सोळा पायऱ्या ती एकदाच थांबून चढली. डॉक्टरांनी नळी पाहिली, छातीला कान लावला आणि म्हणाले, “काय बदललंत?” मी तोंड उघडलं, वानरापासून सुरुवात करणार, तेवढ्यात तीच म्हणाली, “छपराला भोक पाडलं.” डॉक्टर म्हणाले, “ठेवा ते तसंच. फवाराही चालू ठेवा. पुरतं बरं व्हायला वेळ लागेल.”

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन चुलीशेजारी मांडी घालून बसलो. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. ती भाकरी थापत होती. वर भोकातून आभाळाचा निळा तुकडा दिसत होता आणि त्याच्या कडेला एका वानराची शेपूट. मी म्हणालो, अगं, आठ वर्षं! लेण्यातला रंग पोपडा धरायला लागला तर पुण्याहून माणसं येतात, यंत्रं येतात. आणि तू माझ्यापासून दहा हातांवर रोज धूर गिळत होतीस. मी बाहेर बसून जगाला गोष्टी सांगत होतो. तू एकदाही म्हणाली नाहीस की अहो, ते भोक उघडा. एकदा तरी बोलायचंस. मी काय नाही म्हणलो असतो? का नाही बोललीस?

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

“बोलायला तोंड उघडलं की खोकला यायचा,” ती म्हणाली.